आवाजाआधीची आठ वर्षे

अमेरिकन अभिनेते जेम्स अर्ल जोन्स ९ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी वारले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : आवाज. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा आवाज, 'द लायन किंग'मधल्या मुफासाचा आवाज, सीएनएन वाहिनीचे नाव गंभीरपणे उच्चारणारा आवाज. सहा दशकांहून अधिक काळ रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी वावरलेला सहा फुटांहून उंच, धिप्पाड माणूस. पण निरोप देताना लोकांनी त्याला एका गळ्याएवढा करून टाकला. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. जोन्स यांचे मोठेपण त्या आवाजात जितके आहे, त्यापेक्षा अधिक तो आवाज बाहेर पडण्याआधीच्या अडचणीत आहे. हे पटवून द्यायचे तर त्यांच्या फारशा न गाजलेल्या भूमिकांकडे जावे लागते, आणि त्याही आधी त्यांच्या बालपणाकडे.

१७ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या अर्काबुटला या गावी त्यांचा जन्म झाला. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स मूल जन्मण्याच्या सुमारासच घर सोडून गेले होते. पुढे ते मुष्टियोद्धा झाले, नट झाले. पण मुलाच्या बालपणात ते नव्हतेच. आईही पोटासाठी बाहेर असे. मुलाला वाढवले ते आजोळच्या आजीआजोबांनी. मुलगा पाच वर्षांचा असताना हे कुटुंब मिसिसिपी सोडून उत्तरेकडे, मिशिगनमधल्या डब्लिन नावाच्या खेड्यात शेती करायला गेले. त्या दशकांत दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसे अशीच उत्तरेकडे निघाली होती. इतिहासाची पुस्तके त्याला 'मोठे स्थलांतर' म्हणतात. पाच वर्षांच्या मुलाला त्यातले एवढेच कळते, की आपले घर मागे राहिले. नव्या गावात हा मुलगा अडखळू लागला. मराठीत ज्याला आपण तोतरा म्हणतो आणि उर्दूत हकला, तसा. आणि मग हसू होऊ नये म्हणून त्याने बोलणेच सोडले. जवळजवळ आठ वर्षे तो शाळेत मुक्यासारखा राहिला. शिक्षक त्याच्याकडून उत्तरे लिहून घेत. घरच्या माणसांशी तो जेमतेम बोले. शेतावरच्या जनावरांशी मात्र मोकळेपणाने बोले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, कारण शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत ती सांगायची पद्धत पडली आहे. हायस्कूलमध्ये डोनाल्ड क्राउच नावाचे इंग्रजीचे शिक्षक होते. हा मुका मुलगा कविता लिहितो हे त्यांना कळले. त्याने ग्रेपफ्रूटवर, म्हणजे आपल्या पपनसाच्या जातीच्या एका फळावर, कविता केली होती. क्राउच यांनी ती वाचली, म्हणाले की ही फारच चांगली आहे. तुझी असेल तर वर्गासमोर उभा राहा आणि पाठ म्हणून दाखव. मुलगा उभा राहिला आणि एकदाही न अडखळता त्याने ती म्हटली. तेव्हापासून क्राउच यांनी त्याला वाचायला लावले, वक्तृत्वाकडे वळवले, आणि जोन्स आयुष्यभर त्यांचे नाव घेत राहिले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण एक बाजू गाळतात. शिक्षकाची पहिली चाल शंकेची होती. कविता चोरलेली असावी, असा तो आरोप होता. तो खरोखरचा संशय होता की शिक्षकाची युक्ती होती, हा प्रश्न आहेच. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर तो आरोपच होता, आणि आपली अब्रू वाचवण्यासाठी तो बोलला. दुसरे असे की यात तोतरेपणा 'बरा' झाला नाही. आपण अजूनही तोतरेच आहोत, असे जोन्स म्हातारपणीही सांगत. पाठ केलेले, लयीत बसलेले शब्द अडत नाहीत. स्वतःचे, त्या क्षणी सुचलेले शब्द अडतात. हा फरक त्यांना चौदाव्या वर्षी कळला आणि त्यावर त्यांनी आयुष्य उभारले.

इथे आम्हाला स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता. मराठीच्या तासाला त्याच्या तोंडून एक वाक्य निघत नसे. तोंडी परीक्षेत आम्ही त्याला नापास केले. एकदा सकाळच्या परिपाठात त्यानेच किरात केली; मखरज जागच्या जागी, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतलेला, कुठे अडखळणे नाही. त्या दिवशी आम्ही त्याला स्टाफरूममध्ये बोलावून विचारले, "म्हणजे इतके दिवस नाटक करत होतास तर?" तो काही बोलला नाही. बोलणार कसा? बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्राचा आख्खा पेपर दिला होता आणि त्यात चांगले गुणही होते. क्राउच यांच्याही तोंडी पहिले वाक्य संशयाचेच होते. पण त्यांनी पुढे त्या मुलाला वाचायला पुस्तके दिली. आम्ही काहीच दिले नाही. म्हणूनच कदाचित जोन्स यांचे चित्रपट पाहताना आमचे लक्ष त्यांच्या आवाजाकडे कमी आणि त्यांच्या ओठांकडे जास्त जाते. असो.

मिशिगन विद्यापीठात ते डॉक्टर व्हायचे म्हणून गेले आणि नाटक शिकून बाहेर पडले. मधे सैन्यात अधिकारी म्हणून काढली. मॅनिस्टी गावच्या थिएटरात आधी सुतारकाम केले, मग तिथेच 'ऑथेल्लो' केला. न्यूयॉर्कला आले आणि तरुणपणी प्रथमच वडिलांशी खरी ओळख झाली. नट बाप आणि नट मुलगा काही नाटकांत बरोबरही उभे राहिले. १९६१ साली ज्यां जने यांच्या 'द ब्लॅक्स' या नाटकात ते होते. या एकाच नाटकाच्या संचात सिसिली टायसन, लुई गॉसेट, माया अँजेलो अशी माणसे होती. सेंट्रल पार्कात शेक्सपिअर करताना स्टॅन्ली कुब्रिक यांनी त्यांना पाहिले आणि 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) मध्ये बॉम्बफेकी विमानातला एक लेफ्टनंट केले. त्यांचा हा पहिला चित्रपट.

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे जगणे अपरिचित नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिचे नावच ब्लॅक पँथरवरून आले होते, आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य आपल्याकडे आणून समजावून दिले. पण साहित्याची ओळख झाली तशी त्यांच्या नटांची झाली नाही. सिडनी पॉइटिए यांचे नाव माहीत असते. त्यांच्यानंतर प्रमुख अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेले दुसरे कृष्णवर्णीय पुरुष जोन्स, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. ते नामांकन 'द ग्रेट व्हाइट होप' (१९७०) साठी होते. हॉवर्ड सॅकलर यांचे हे नाटक त्यांनी आधी वॉशिंग्टनला आणि १९६८ पासून ब्रॉडवेवर गाजवले, त्यासाठी १९६९ चे टोनी पारितोषिक मिळवले. नाटकातला जॅक जेफरसन म्हणजे जॅक जॉन्सन, १९०८ साली हेवीवेट जगज्जेता झालेला पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. गोऱ्या बाईवर प्रेम केले म्हणून अमेरिकेने त्याच्यामागे खटले लावले, देश सोडायला लावला.

या नाटकाला एक प्रेक्षक असा आला, ज्याने त्याचा अर्थच वाढवला. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिल्याबद्दल १९६७ साली मुहम्मद अली यांचे जगज्जेतेपद काढून घेतले होते, खेळायलाही बंदी होती. ते नाटक पाहायला आले, आणि तपशील बदलले तर ही माझीच कहाणी आहे, अशा अर्थाचे बोलून गेले. आम्हाला यात रस वाटतो तो एका कारणाने. अली हे अमेरिकेतले सर्वांत बोलके खेळाडू. जोन्स यांच्याएवढे घुम्मे बालपण दुसऱ्या कोणत्या नटाचे असेल? बोलक्याला आपली कहाणी मुक्याच्या तोंडून ऐकावी लागली. पुढे अली यांच्या जीवनावरच्या 'द ग्रेटेस्ट' (१९७७) या चित्रपटात अली यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि जोन्स यांनी माल्कम एक्स यांची. त्याआधी १९७२ सालच्या माल्कम एक्स यांच्यावरील माहितीपटाचे निवेदनही जोन्स यांचेच. आमच्या वाचकांना हे दोन संदर्भ विशेष वाटतील म्हणून नोंदवले. अभिनय म्हणून पाहता 'द ग्रेटेस्ट'मध्ये त्यांना वाव फार थोडा आहे.

दूरचित्रवाणीवरचे त्यांचे काम अधिक पाहण्यासारखे आहे. १९६३ साली 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' या मालिकेच्या एका भागात त्यांनी हार्लेममधल्या तरुण बापाचे काम केले, ज्याचे तान्हे मूल उंदीर चावून मरते. अमेरिकन घराघरांत त्या काळी जे दाखवले जात होते, त्यात हे अपवादानेच बसले असेल. १९७९ च्या 'रूट्स : द नेक्स्ट जनरेशन्स'मध्ये ते लेखक ॲलेक्स हेली झाले. हेली अमेरिकन नाझी पक्षाचा नेता रॉकवेल याची मुलाखत घ्यायला जातात, तो प्रसंग. रॉकवेलच्या भूमिकेत मार्लन ब्रँडो. ब्रँडो बोलतात, हसतात, अपमान करतात. त्यांना त्यासाठी एमी पारितोषिकही मिळाले. जोन्स बहुतेक वेळ ऐकतात. समोरचा माणूस तुमच्या वंशाविषयी घाणेरडे बोलत असताना हातातली वही सांभाळून पुढचा प्रश्न विचारायचा, हे सोपे नाही. पारितोषिक बोलणाऱ्याला मिळाले. आमच्या मते प्रसंग ऐकणाऱ्याचा आहे. त्यांना स्वतःला एमी मिळाले ते १९९१ साली, एकाच वर्षी दोन : 'हीट वेव्ह' या चित्रपटातल्या साहाय्यक भूमिकेसाठी आणि 'गॅब्रिएल्स फायर' या मालिकेतल्या मुख्य भूमिकेसाठी. दुसऱ्या भूमिकेतला माणूस वीस वर्षे तुरुंगात काढून बाहेर आलेला आहे. बोलायची सवय गेलेला माणूस जोन्स यांच्याकडे कोणी का दिला असेल, हे सांगायला नको.

आता आमच्या मुद्द्याचा खरा पुरावा. जॉन सेल्स यांचा 'मेटवान' (१९८७). पश्चिम व्हर्जिनियातला १९२० चा कोळसा खाणकामगारांचा संप. संप फोडण्यासाठी कंपनीने जे कृष्णवर्णीय मजूर आणले, त्यांच्यातला 'फ्यू क्लोद्स' म्हणजे जोन्स. तो संप फोडत नाही, संघटनेत येतो. पुढे कंपनीच्या हस्तकाच्या कारस्थानाने कामगारांना वाटू लागते, की त्यांचा संघटक जो हाच गद्दार आहे. त्याला मारायचे ठरते, आणि चिठ्ठी फ्यू क्लोद्सच्या नावाची निघते. रात्री शेकोटीपाशी तो जोच्या शेजारी पिस्तूल लपवून बसतो. जो आपला साधे काहीबाही बोलतो आहे. जोन्स यांच्या चेहऱ्यावर घाम, डोळे शेकोटीत. विचारावेसे वाटते, तू खरेच गद्दार आहेस का. पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत जातो. त्याच वेळी गावातल्या चर्चमध्ये एक पोरगा, वेळ काढून, हजरत यूसुफ आणि अजीजाच्या बायकोचा किस्सा प्रवचनात सांगतो आहे, की ऐकणाऱ्यांना इशारा मिळावा : आरोप खोटा आहे. सूरे यूसुफ वाचलेल्या कोणालाही हा इशारा क्षणात कळेल. निरोप धावत शेकोटीपर्यंत पोहोचतो आणि जो वाचतो. त्या काही मिनिटांत जोन्स यांच्या जगप्रसिद्ध आवाजाला जवळपास काम नाही. आमच्या लेखी ते त्यांचे चित्रपटातले सर्वोत्तम काम आहे.

'क्राय, द बिलव्हेड कंट्री' (१९९५) मध्ये हीच गोष्ट उघड्यावर येते. ॲलन पेटन यांच्या कादंबरीवरचा, दक्षिण आफ्रिकेतला चित्रपट. खेड्यातला वृद्ध पाद्री स्टीफन कुमालो जोहान्सबर्गला मुलाला शोधायला येतो आणि त्याला कळते, की मुलाने एका गोऱ्या माणसाचा खून केला आहे. मेलेल्याचे वडील जार्व्हिस (रिचर्ड हॅरिस) त्याच्याच भागातले जमीनदार. दोघांची अचानक गाठ पडते तेव्हा जार्व्हिसना या म्हाताऱ्याचा आणि आपल्या मुलाच्या खुनाचा संबंध ठाऊक नसतो. कुमालोला तो सांगायचा आहे, आणि सांगता येत नाही. हा पाद्री म्हणजे आयुष्यभर प्रवचन देणारा माणूस. पाठ असलेले सगळे बोलू शकतो. हे एकच वाक्य पाठ नाही. जोन्स इथे तोतरेपणाची नक्कल करत नाहीत, ती तर कोणीही करेल. त्या वाक्याच्या वजनाखाली त्यांची मान आणि खांदे खाली जातात, आणि आवाज शेवटी येतो तो लहान, जुना, जवळजवळ पोराचा.

दोनदा त्यांनी कचरा उचलणाऱ्या कामगाराची भूमिका केली. 'क्लॉडिन' (१९७४) मध्ये ती हसरी आहे. ऑगस्ट विल्सन यांच्या 'फेन्सेस' या नाटकात १९८७ साली केलेला ट्रॉय मॅक्सन मात्र कठोर आहे. वर्णभेदामुळे बेसबॉलमधले आयुष्य हुकलेला बाप. मुलगा विचारतो, तुम्हाला मी कधी आवडलो का. बाप उत्तर देतो ते कर्तव्याच्या भाषेत : खायला घालतो, अंगावर कपडा देतो, आवडण्याचा करार कुठे आहे? या प्रयोगाचा थोडासाच अंश आम्हाला पाहायला मिळाला. त्यात हा बाप शब्दांचा मारा करतो, कारण जे एक वाक्य बोलायचे ते त्याला येत नाही. जोन्स यांना यासाठी दुसरे टोनी मिळाले. ज्याचा स्वतःचा बाप निघून गेला होता, त्याने घरात राहूनही दूर असलेला बाप उभा केला.

मग डार्थ व्हेडर. १९७७ साली जॉर्ज लुकास यांनी अंगाने डेव्हिड प्राउज हा इंग्रज नट घेतला आणि आवाज जोन्स यांचा. काही तासांचे काम, सात हजार डॉलर मोबदला. पहिल्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांनी स्वतःच नाव घालू दिले नाही. आपण तांत्रिक करामतीचाच एक भाग आहोत, असे ते म्हणत. त्या काळी टीका झाली, की एवढ्या मोठ्या आकाशगंगेत कृष्णवर्णीय म्हणून आहे तो फक्त खलनायकाचा आवाज. जोन्स यांनी ही टीका कधी मनावर घेतली नाही. आम्हाला ती सोडवत नाही. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात मुखवटा निघतो आणि आत चेहरा असतो सेबॅस्टियन शॉ या गोऱ्या नटाचा. आवाज ठेवून घेतला, चेहरा बदलला. 'द लायन किंग' (१९९४) मध्ये तर चेहऱ्याचा प्रश्नच आला नाही, तिथे सिंह होता. मुफासा मुलांना आवडतो, आमच्या घरातही आवडतो. पण ज्या दशकात त्यांच्या चेहऱ्याला कुमालो मिळाला, त्याच दशकात लोकांनी लक्षात ठेवला तो सिंह.

यात त्यांचाही वाटा आहे, हे लिहिले पाहिजे. त्यांनी नको तितके काम घेतले. टेलिफोन कंपनीच्या जाहिराती केल्या, 'कोनान द बार्बेरियन'मध्ये सापाच्या पंथाचा गुरू झाले. चळवळींपासून ते बरेच लांब राहिले. १९७८ साली पॉल रोबसन यांच्यावरचे एकपात्री नाटक केले तेव्हा अनेक कृष्णवर्णीय कलावंत-लेखकांनी आणि रोबसन यांच्या मुलानेही जाहीर विरोध केला, की यात रोबसन यांचा लढा बोथट झाला आहे. आम्हाला विरोधकांचे पटते. तरी एक विचार मनात येतो, की ज्याला आठ वर्षे कोणी बोलायला बोलावले नाही, तो नंतर आलेले एकही बोलावणे नाकारू शकत नसेल.

शेवटचा अध्याय विलक्षण आहे. वय झाले, आवाज थकला. २०२२ च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेत व्हेडर बोलला तो जोन्स यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने घडवलेल्या आवाजात; युक्रेनमधल्या एका कंपनीने तो तयार केला आणि जोन्स यांची त्याला संमती होती. मृत्यूनंतर, मे २०२५ मध्ये, कुटुंबाच्या परवानगीने तो 'फोर्टनाइट' या खेळात आला, जिथे मुले प्रश्न विचारतात आणि व्हेडर आयत्या वेळी उत्तर देतो. काही खेळाडूंनी लगेच त्याच्या तोंडून शिव्या वदवून घेतल्या, आणि कंपनीला घाईने दुरुस्ती करावी लागली. नटांच्या संघटनेने, हे काम माणसांकडून काढून घेतल्याबद्दल, तक्रार दाखल केली. जोन्स यांना आयुष्यभर जे जमले नाही, म्हणजे न अडखळता आयत्या वेळी काहीही बोलणे, ते आता त्यांच्या आवाजाला जमते. ऐकताना आम्हाला सारखे वाटत राहिले, की यात काहीतरी कमी आहे, आणि ते स्वर, फिरत, खर्ज यांपैकी काही नव्हते.

त्याच २०२२ साली न्यूयॉर्कच्या कॉर्ट थिएटरला जेम्स अर्ल जोन्स यांचे नाव देण्यात आले. १९५८ मध्ये याच थिएटरात 'सनराइज ॲट कॅम्पोबेलो' या नाटकात ते रूझवेल्ट कुटुंबाच्या नोकराच्या छोट्या भूमिकेत उभे राहत. मिसेस रूझवेल्ट, जेवण तयार आहे, एवढीच वर्दी द्यायची. एका रात्री 'मिसेस'मधल्या पहिल्याच 'म'वर त्यांची जीभ अडली. मिसेस रूझवेल्ट झालेल्या मेरी फिकेट शांतपणे थांबल्या, आणि वाक्य पुरे झाले.